'संड्री डेटर्स'मधला 'संड्री' म्हणजे नक्की काय? एका जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ, आणि तुमची अडकलेली उधारी



टॅलीमध्ये नवीन पार्टीचं लेजर उघडताना 'अंडर' या रकान्यात आपण डोळे झाकून 'संड्री डेटर्स' निवडतो. माल पुरवणारा असेल तर 'संड्री क्रेडिटर्स'. डेटर म्हणजे आपल्याला देणं लागणारा आणि क्रेडिटर म्हणजे आपण ज्याचं देणं लागतो तो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचा तो 'संड्री' कोण, हे कुणी विचारत नाही. क्लासमध्ये एखादाच धीट विद्यार्थी हात वर करतो, "सर, याचा संडेशी काही संबंध आहे का? म्हणजे रविवारी पैसे देणारे?" सगळे हसतात, पण उत्तर हसणाऱ्यांपैकीही कुणाकडे नसतं.

तर आधी हे स्पष्ट करू, की संडेशी काही संबंध नाही. संडे हा सूर्याचा वार आहे. संड्री हा पूर्णपणे वेगळ्या घरातला शब्द आहे. बोलण्यातून तो जवळजवळ हद्दपार झालाय. इंग्लंडमध्येही आज कुणी बाजारात जाऊन 'संड्री वस्तू द्या' म्हणत नाही. पण हिशेबाच्या वहीत मात्र तो ठाण मांडून बसलाय. आणि त्याचा जो मूळ अर्थ आहे ना, तोच उधारी सांभाळायचा पहिला नियम आहे. आज तेवढंच समजून घेऊ.

आजचा अर्थ आणि मूळचा अर्थ

आज डिक्शनरी उघडली तर संड्री म्हणजे विविध, निरनिराळे, किरकोळ, असा अर्थ मिळतो. अकरावी-बारावी कॉमर्स मराठीतून केलं असेल तर तुम्ही 'विविध ऋणको' आणि 'विविध धनको' हे शब्द लिहून मार्क मिळवले असतील. भाषांतर बरोबरच आहे. पण मूळ शब्दात 'विविध' नव्हतं. मूळ अर्थ होता 'वेगळा, सुटा, इतरांपासून बाजूला असलेला'.

जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सिंड्रिग' असा होता. एक-एक स्वतंत्र, आपापला, खास असा त्याचा अर्थ. इंग्रजीतलंच 'संडर' हे क्रियापद त्याचं सख्खं भावंड. संडर म्हणजे तोडून वेगळं करणं. 'असंडर' म्हणजे तुकडे तुकडे होऊन. जर्मन भाषेत याच कुळातला 'बेझोंडर्स' आहे, म्हणजे खास, विशेष. डच भाषेतला 'झोंडर' म्हणजे शिवाय, विना. भाषेचे अभ्यासक हे कुळ आणखी मागे नेतात आणि संस्कृतातला 'सनुतर्', म्हणजे दूर, बाजूला, हाही त्याच गोतावळ्यातला मानतात. (आपल्या 'सुंदर'शी मात्र काही नातं नाही, फक्त आवाज सारखा!)

आता प्रश्न असा, की 'वेगळा' या अर्थाच्या शब्दाचा अर्थ 'विविध' कसा झाला? हे समजायला इंग्रजीत जायची गरजच नाही, आपल्या मराठीत बघा. 'निराळा' म्हणजे वेगळा, इतरांपासून बाजूला. पण 'निरनिराळे' म्हटलं की अर्थ होतो विविध, नाना प्रकारचे. 'वेगळा' आणि 'वेगवेगळे' यांचंही तसंच. एक-एक वेगळी गोष्ट घेत गेलो की शेवटी पुष्कळ वेगवेगळ्या गोष्टींचा समूह होतो. संड्रीचं अगदी हेच झालं. आधी प्रत्येकाचं वेगळेपण महत्त्वाचं होतं. मग भर 'अनेक आहेत' याच्यावर गेला. आणि शेवटी अर्थ उरला 'असेच काही किरकोळ, ज्यांची नावं सांगत बसायला नको'.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आपल्या उधारीची सगळी गडबड तिथेच होते.

हा शब्द कुठे कुठे भेटतो?

'ऑल अँड संड्री' हा वाक्प्रचार तुम्ही इंग्रजी पेपरात वाचला असेल. आज त्याचा अर्थ 'झाडून सगळे', तोही थोडा नाक मुरडून, म्हणजे सोम्यागोम्या सगळेच. पण हा वाक्प्रचार सहाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा जुना अर्थ फार काटेकोर होता. 'ऑल' म्हणजे सगळे मिळून, आणि 'संड्री' म्हणजे त्यातला प्रत्येक जण सुटा-सुटा. सगळ्यांना मिळूनही लागू आणि प्रत्येकाला वेगळंही लागू. कुणी 'मला उद्देशून नव्हतंच' म्हणून निसटू नये, यासाठी हे दोन शब्द जोडीने येत.

क्रिकेट बघणाऱ्यांसाठी एक गंमत. आपण ज्यांना 'एक्स्ट्रा' म्हणतो, म्हणजे वाइड, नोबॉल, बाय, लेगबाय, त्यांना ऑस्ट्रेलियात 'संड्रीज' म्हणतात. कुठल्याही बॅट्समनच्या नावावर न लागणाऱ्या धावा. मलेशियात आजही किराणा दुकानाला 'संड्री शॉप' म्हणतात. तिथे तांदूळ, तेल, साबण, काडेपेटी, सगळं सुटं मिळतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तो राहिला तो हिशेबात: संड्री डेटर्स, संड्री क्रेडिटर्स आणि 'संड्री एक्सपेन्सेस', म्हणजे किरकोळ खर्च. इंग्रजीत पत्र किंवा कोटेशन लिहिताना 'विविध वस्तू' म्हणायचं असेल तर हा शब्द वापरायला जाऊ नका. समोरच्याला जुनाट वाटेल. हिशेबापुरता तो शोभतो.

वहीत हा शब्द आला कसा?

1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणितज्ञ संन्याशाचा ग्रंथ छापून आला. त्यात व्हेनिसचे व्यापारी हिशेब कसे ठेवतात, ती दुहेरी नोंदीची पद्धत त्याने मांडली. रोजचे व्यवहार आधी टिपून घ्यायचे, मग रोजकीर्दीत मांडायचे आणि तिथून खतावणीत, म्हणजे लेजरमध्ये, प्रत्येकाच्या नावाच्या पानावर न्यायचे. आपल्याकडच्या कीर्द-खतावणीची रीतही याच अंगाची. ज्याचं खातं त्याचं पान.

पण कागदाची वही म्हटली की अडचण आली. नेहमीच्या गिऱ्हाइकाला पूर्ण पान देणं परवडतं. वर्षातून दोनदा येणाऱ्याला, दहा-वीस रुपयांच्या उधारीवाल्याला स्वतंत्र पान कुठून देणार? मग अशा फुटकळ लोकांसाठी इंग्रजी वह्यांमध्ये एक सामाईक पान ठेवलं जाई, त्याच्या माथ्यावर 'संड्री'. एकाच नोंदीत चार-पाच खाती येत असतील तर सगळ्यांची नावं लिहिण्याऐवजी रोजकीर्दीत नुसतं 'संड्रीज' लिहायचीही पद्धत होती. पण सामाईक पानावरसुद्धा प्रत्येकाचं नाव, तारीख आणि रक्कम सुटी लिहिलेली असे. शब्दाचा मूळ अर्थ तिथे शाबूत होता.

ताळेबंद बनवताना मात्र पुढची पायरी आली. ताळेबंदात शंभर गिऱ्हाइकांची शंभर नावं कोण लिहिणार? एकच ओळ, 'संड्री डेटर्स', आणि समोर एकूण रक्कम. भारतातल्या 1956 च्या कंपनी कायद्यातल्या ताळेबंदाच्या नमुन्यात हीच ओळ होती. पण कायद्यालाही नुसत्या एकूण रकमेवर भरवसा नव्हता. सहा महिन्यांपेक्षा जुनी उधारी किती आणि बाकीची किती, वसूल होण्यासारखी किती आणि संशयित किती, हे वेगळं दाखवावं लागे.

आर्थिक वर्ष 2011-12 पासून कंपन्यांच्या ताळेबंदातून 'संड्री डेटर्स' हा शब्द गेला आणि 'ट्रेड रिसीव्हेबल्स' आला. 'संड्री क्रेडिटर्स'चे 'ट्रेड पेएबल्स' झाले. 2021 मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली. आता कंपन्यांना येणी वयानुसार फोडून दाखवावी लागतात: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन वर्षं आणि तीन वर्षांपेक्षा जुनी. त्यातही वाद असलेली वेगळी, वाद नसलेली वेगळी.

म्हणजे गंमत बघा. शब्द काढून टाकला, पण त्याचा मूळ अर्थ, 'प्रत्येक गोष्ट सुटी करून दाखवा', तो कायद्यात परत आला. हे कंपन्यांसाठी सक्तीचं आहे. तुमच्या-माझ्यासारख्या प्रोप्रायटरी दुकानाला हा तक्ता सक्तीचा नाही. पण ज्याची सक्ती नाही त्याची गरज नाही, असं थोडंच असतं?

एकूण आकडा सुखावतो, फोड जागं करते

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. मार्चअखेर अकाउंटंट सांगतो, "संड्री डेटर्स 2,40,000." तुम्ही मनात म्हणता, ठीक आहे, धंदा चाललाय, अडीच लाखाच्या आसपास येणं आहे. येणं म्हणजे आपली मालमत्ताच की! ताळेबंदातही ते मालमत्तेच्या बाजूलाच दिसतं.

आता याच आकड्याची वयानुसार फोड करा. समजा ती अशी निघाली:

- 30 दिवसांच्या आतली: 70,000
- 31 ते 90 दिवस: 50,000
- 91 दिवस ते 1 वर्ष: 60,000
- 1 ते 3 वर्षं: 40,000
- 3 वर्षांपेक्षा जुनी: 20,000

बेरीज तीच, 2,40,000. पण आता तो आकडा तसा दिसत नाही. पहिले 70,000 हे चालू धंद्याचे आहेत, ते फिरत राहणार. पुढच्या 50,000 साठी फोन करायला हवा. 60,000 साठी स्वतः जाऊन भेटायला हवं. आणि खालचे 60,000? ते मालमत्तेच्या रांगेत बसलेत खरे, पण त्यांच्या भरवशावर तुम्ही दिवाळीचा माल भरू शकणार नाही.

मग नावानुसार फोड करा. समजा 24 नावं आहेत. त्यातल्या तिघांकडेच 1,35,000 निघाले: एका कॉन्ट्रॅक्टरकडे 65,000, एका हॉटेलवाल्याकडे 40,000 आणि एका पाहुण्यांकडे 30,000. बाकीच्या 21 जणांकडे मिळून 1,05,000, म्हणजे सरासरी 5,000. आता सांगा, वसुलीला निघायचं तर पहिली चक्कर कुणाकडे? एकूण आकड्यात हे उत्तर कधीच सापडलं नसतं.

आपल्याकडे म्हण आहे, 'उधारीचं पोतं सव्वा हात रितं'. पोतं बाहेरून भरलेलं दिसतं, आत रिकामं. किती रिकामं, ते तोंड सोडून बघितल्याशिवाय कळत नाही. एकूण रक्कम म्हणजे तोंड शिवलेलं पोतं. आणि ते रितं राहण्याची किंमतही समजून घ्या. समजा, सगळा खर्च वजा जाता 100 रुपयांच्या विक्रीत तुमच्या हातात 10 रुपये उरतात. मग ते जुने 20,000 बुडाले, तर तो खड्डा भरायला 2,00,000 रुपयांची नवीन विक्री लागेल. तीही रोखीची!

प्रत्येक बिलाचं घड्याळ वेगळं

उधारी नावानुसार वेगळी ठेवणं ही पहिली पायरी. दुसरी पायरी आहे ती बिलानुसार वेगळी ठेवणं. बरेच दुकानदार पहिल्या पायरीवर थांबतात. पार्टीच्या नावावर एकूण बाकी लिहिलेली असते, पण ती कुठल्या बिलांची, हे विचारलं की वही चाळायला लागतात.

बिलं सुटी का हवीत? तीन कारणं.

पहिलं, मुदतीचा कायदा. 1963 च्या लिमिटेशन ॲक्टनुसार विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षं. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून, ठरलेली असेल तर ती मुदत संपल्यापासून. म्हणजे जानेवारीच्या बिलाचं घड्याळ वेगळं चालतं आणि जूनच्या बिलाचं वेगळं. मुदत संपायच्या आत गिऱ्हाइकाने 'एवढं देणं आहे' असं लेखी, सही करून मान्य केलं, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. थोडी रक्कम भरली आणि तिची नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीने झाली, तरीही तसंच. म्हणून वर्षातून एकदा बाकीच्या उताऱ्यावर पार्टीची सही घ्यायची सवय लावा. प्रकरण कोर्टापर्यंत न्यायचं नसलं तरी या सहीचा उपयोग होतो. रकमेवरून वाद होत नाही. दावा करायची वेळ आलीच तर वकिलांना कागद दाखवूनच पाऊल उचला.

दुसरं, आलेले पैसे कुठे लावायचे? गिऱ्हाईक येतो, पाच हजार टेकवतो आणि म्हणतो, "हे घ्या, मांडून ठेवा." कुठल्या बिलात मांडायचे? 1872 च्या आपल्या करार कायद्यात याचंही उत्तर आहे. देणाऱ्याने सांगितलं की अमुक बिलाचे, तर घेतलेले पैसे त्याच बिलात. त्याने काही सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही काही ठरवलं नाही, तर सगळ्यात जुन्या देण्यापासून पुढे. पण हे वापरायला आधी बिलं सुटी मांडलेली हवीत ना!

तिसरं, जीएसटी. तुम्ही नियमित करदाते असाल तर बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी त्या-त्या मुदतीत भरावा लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. म्हणजे उधारीच्या बिलात तुमचा मालही अडकलेला असतो आणि सरकारला खिशातून भरलेला करही.

टॅलीत काय करायचं, वहीत काय करायचं

टॅलीत 'संड्री डेटर्स' हा ग्रुप आहे, ते कुठल्या एका पार्टीचं लेजर नव्हे. ग्रुप म्हणजे कपाट, लेजर म्हणजे त्यातला एक-एक कप्पा. तरीही अनेक दुकानांच्या डेटामध्ये या ग्रुपखाली 'संड्री पार्टी', 'किरकोळ उधारी', 'इतर गिऱ्हाईक' असं एखादं लेजर सापडतंच. त्यात पन्नास जणांची उधारी एकत्र कोंबलेली असते. कागदाच्या वहीत पानं वाचवायची होती म्हणून हे समजू शकतं. कॉम्प्युटरमध्ये एक लेजर जास्त उघडायला किती कागद लागतो? शून्य. म्हणून:

- उधार मागणाऱ्या प्रत्येकाचं स्वतंत्र लेजर उघडा. नाव, गाव, मोबाइल नंबर सगळं भरा. एकाच नावाचे दोघे असतील तर नावापुढे गाव किंवा दुकानाचं नाव जोडा.
- लेजरमध्ये 'मेंटेन बॅलन्सेस बिल-बाय-बिल' हा पर्याय 'येस' करा आणि उधारीचे दिवस टाका: 7, 15, 30, जे ठरलं असेल ते.
- पैसे जमा करताना 'अगेन्स्ट रेफ' निवडून कुठल्या बिलाचे ते दाखवा. आळस करून 'ऑन अकाउंट'मध्ये टाकत राहिलात, की सहा महिन्यांनी बिलं एकीकडे आणि पैसे दुसरीकडे लोंबकळत राहतात.
- महिन्यातून एकदा आउटस्टँडिंगमधला रिसीव्हेबल्सचा रिपोर्ट वयानुसार काढा. स्वतः काढा, अकाउंटंटवर सोडू नका.

टॅली नाही? काही हरकत नाही. दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. पानावर पाच रकाने: तारीख, बिल नंबर, रक्कम, कधी देणार, जमा. वहीच्या सुरुवातीला नावांची अनुक्रमणिका. झालं. मोबाइलवरची उधारीची ॲप्सही चालतील, अट एकच: एकूण बाकी नुसती टाकायची नाही, प्रत्येक बिल सुटं टाकायचं.

मागतानाही सुटं मागा

हिशेब सुटा असला की बोलणंही बदलतं. सहसा आपण काय म्हणतो? "काका, जरा बाकीचं बघा ना." काका म्हणतात, "हो हो, बघू की." विषय संपला. कारण आपण गठ्ठा मागितला, त्यांनी गठ्ठ्यानेच टोलवला.

त्याऐवजी असं बोलून बघा: "काका, 12 तारखेला पाइप आणि एल्बो नेले होते ना, त्याचं 3,200 चं बिल आहे. एक तारखेला देतो म्हणाला होतात. आज तेवढं करून टाकू या का? पुढच्या 1,800 ला अजून वेळ आहे, ते नंतर बघू." यात तारीख आहे, माल आहे, रक्कम आहे, त्यांचाच शब्द आहे, आणि आज किती द्यायचे तेही ठरलेलं आहे. काकांना 5,000 डोंगर वाटले असते, 3,200 देता येतात. आणि मान राखूनही मागता येतं, कारण तुम्ही त्यांच्यावर नाही, बिलावर बोलताय.

पाहुणे, मित्र, शेजारी यांच्या उधारीला तर हे जास्तच लागू. नात्यात लोक वही ठेवायला संकोचतात आणि मग रकमेवरून वाद झाला की पैसाही जातो आणि नातंही. बिल सुटं लिहिलेलं असेल तर बोलायला दोघांनाही सोपं जातं.

'संड्री क्रेडिटर्स' आणि 'संड्री एक्सपेन्सेस'चं काय?

देणीही अशीच सुटी करा. तुमचा पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक किंवा सेवा देणारा असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे त्याचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. शिवाय आकारणी वर्ष 2024-25 पासून, अशा पुरवठादाराला मुदतीनंतर पैसे दिले तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष दिला त्याच वर्षी आयकरात वजा मिळतो. निव्वळ खरेदी-विक्री करणारे व्यापारी या संरक्षणात येत नाहीत. म्हणजे क्रेडिटर्समध्येही कोण उत्पादक, कोण व्यापारी, हे वेगळं माहीत हवं.

जीएसटीचंही लक्षात ठेवा: पुरवठादाराचं बिल 180 दिवसांत चुकतं केलं नाही तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. इथेही घड्याळ बिलाच्या तारखेपासूनच.

आणि संड्री एक्सपेन्सेस? चहा, हमाली, झेरॉक्स, दोरा-सुतळी यांसाठी हे खातं असायला हरकत नाही. पण ते खातं मोठं व्हायला लागलं की समजा, आत काहीतरी दडलंय. एखादा खर्च दर महिन्याला येतोय असं दिसलं, की त्याला बाहेर काढून स्वतःचं खातं द्या. महिन्याला 4,000 हमाली जात असेल तर ती किरकोळ राहिली नाही.

मग आता काय करायचं?

आज रात्री शटर ओढल्यावर एक तास द्या. कोरा कागद घ्या. येणं असलेल्या प्रत्येकाचं नाव लिहा, त्याच्यापुढे प्रत्येक बिल तारखेसह लिहा. तीन वर्षं पूर्ण व्हायला आलेली बिलं लाल पेनाने गोल करा. मग सगळ्यात जास्त रक्कम असलेली तीन नावं निवडा आणि उद्या सकाळी पहिला फोन त्यातल्या एकाला करा, बिल नंबर समोर ठेवून.

यादी पूर्ण झाली की कागदावर वर शीर्षक लिहा, 'संड्री डेटर्स'. जुन्या अर्थाने, म्हणजे प्रत्येक जण वेगळा.